बाबासाहेबांची पत्रे आणि विद्यापीठांची कपाटे

विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत धम्मावर, चळवळीवर आणि विहार उभारताना घामाचा पैसा देणाऱ्या उपासक-उपासिकांवर लेख यावेत हे रास्तच आहे. या लेखाचा विषय मात्र थोडा बाजूचा आहे. विषय आहे पत्रांचा. बोधिसत्त्व प.पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची ग्रंथसंपदा आपल्या घराघरांत आहे, त्यांच्या भाषणांचे खंड विहाराच्या कपाटात आहेत. पण बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली, सही करून टपालात टाकलेली पत्रं आज कुठं आहेत, ती कुणी जपली आणि कशी जपली, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. त्याचा शोध घेऊ गेलं की माणूस मुंबईहून थेट अमेरिकेत जाऊन पोचतो आणि परत आपल्याच घरातल्या माळ्यावरच्या ट्रंकेपाशी येतो.

प्रथम अमेरिकेची गोष्ट. मॅसॅच्युसेट्स राज्यात ॲमहर्स्ट नावाचं गाव आहे. तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचं नाव दिलेलं आहे. ड्यू बॉइस हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे थोर विद्वान पुढारी. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ होत. त्यांचा सगळा पत्रव्यवहार या ग्रंथालयात आहे. सुमारे एक लाख कागद! त्या एक लाख कागदांत एक पत्र आपल्या बाबासाहेबांचं आहे.

पत्र १९४६ च्या जुलै महिन्याच्या सुमाराचं. तो काळ आठवावा. कॅबिनेट मिशनने मे महिन्यात जी योजना जाहीर केली तीत अस्पृश्यांना स्वतंत्र स्थान दिलं नव्हतं. प्रांतिक निवडणुकांत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा पराभव झालेला होता. पुण्यात विधिमंडळासमोर फेडरेशनचा सत्याग्रह त्याच जुलैत सुरू झाला. बाबासाहेबांना घटना समितीत जायला मुंबई प्रांताने वाट ठेवली नाही, ते बंगालमधून जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पाठबळावर निवडून आले, तेही त्याच जुलैत. इतकी सगळी धावपळ चालू असताना त्यांच्या वाचनात आलं, की अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे आपल्या गाऱ्हाण्यांचा अर्ज दाखल केला आहे. लगेच त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. पत्राचा मतलब असा : आपली प्रत्यक्ष ओळख नाही, पण दलितांच्या कामात असलेल्या सगळ्यांप्रमाणे मीही तुम्हांला नावाने ओळखतो, तुमच्या लोकांच्या प्रश्नाचा मी विद्यार्थी आहे, भारतातला अस्पृश्य आणि अमेरिकेतला काळा माणूस यांच्या स्थितीत इतकं साम्य आहे की त्याचा अभ्यास नुसता स्वाभाविक नव्हे तर गरजेचा आहे. आणि शेवटी काम : त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळवून पाठवाल का? भारतातले अस्पृश्यही तोच मार्ग धरण्याच्या विचारात आहेत.

३१ जुलै १९४६ रोजी ड्यू बॉइस यांनी उत्तर धाडलं. नॅशनल निग्रो काँग्रेसने राष्ट्रसंघाला दिलेल्या निवेदनाची प्रत सोबत जोडली. दुसरी एक मोठी संस्था अधिक सविस्तर निवेदन तयार करील असं दिसतं, ते झालं की तेही पाठवीन असं कळवलं. तुमचं नाव आणि काम मी ऐकून आहे, अस्पृश्यांविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे, असंही लिहिलं. ते सविस्तर निवेदन पुढे १९४७ च्या ऑक्टोबरात ड्यू बॉइस यांच्याच संपादनाखाली राष्ट्रसंघाकडे गेलं.

हा इतिहास आपल्याला कळला कसा? एकाच कारणाने. ड्यू बॉइस यांनी आलेलं पत्र ठेवलं, आणि पाठवलेल्या उत्तराची टाईप केलेली कार्बन प्रतही ठेवली. पत्राची दोन्ही टोकं एकाच फायलीत. १९६१ साली ते आफ्रिकेत घाना देशात राहायला गेले आणि १९६३ साली तिथंच वारले. जाण्याआधी त्यांनी आपले कागद हर्बर्ट ॲप्टेकर नावाच्या इतिहासकार मित्राच्या हवाली केले होते. त्या माणसाने ते वर्षानुवर्षे सांभाळले, त्यांतली निवडक पत्रं तीन खंडांत छापली, आणि १९७३ साली सगळा संग्रह ॲमहर्स्टच्या विद्यापीठाकडे गेला. विद्यापीठाने त्याची यादी केली, पुढे एकेका कागदाचा फोटो काढून तो संगणकावर सर्वांना खुला केला. आज अंबरनाथच्या एखाद्या पोराने मोबाईलवर शोधलं तर बाबासाहेबांचं ते पत्र त्याला फुकटात बघायला मिळतं. दादरच्या माणसाने लिहिलेलं पत्र अमेरिकेत राहिलं म्हणून राहिलं, हे जरा टोचतं. पण खरं आहे.

दुसरं पत्र न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या हस्तलिखित विभागात आहे. बाबासाहेब तिथं १९१३ ते १९१६ शिकले. त्यांचे गुरू प्रा. एडविन सेलिग्मन हे अर्थशास्त्रातले मोठे नाव. पुस्तकांचा आणि कागदांचा त्यांना भारी नाद. त्यांच्या कागदपत्रांत १६ फेब्रुवारी १९२२ रोजी लंडनहून बाबासाहेबांनी लिहिलेलं पत्र आहे. त्या वेळी बाबासाहेब किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात राहत होते. हेच घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतलं. पत्रात ते गुरूंना कळवतात, की १९१७ साली भारतात परतताना बोट पाणतीराने बुडाली, तीत मूळ प्रबंधाचं हस्तलिखित गेलं, म्हणून आता नवा प्रबंध लिहून काढला आहे.

ही बोटीची हकीकत आपल्यापैकी पुष्कळांनी चरित्रात वाचली असेल. पहिलं महायुद्ध चालू होतं. बाबासाहेब स्वतः एका बोटीने आले आणि सामान, म्हणजे प्रामुख्याने पुस्तकं, दुसऱ्या बोटीने निघालं. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. थॉमस कुक कंपनीने नुकसानभरपाई म्हणून ६०० रुपये दिले आणि बडोद्याला नोकरीवर रुजू होण्याच्या प्रवासाला त्यातलेच पैसे उपयोगी पडले. चरित्रकार धनंजय कीर यांनी ही गोष्ट दिली आहे. पण चरित्रात वाचणं वेगळं आणि नुकसान ज्याचं झालं त्याच्या हातचा कागद असणं वेगळं. तीन-चार वर्षं उपाशीतापाशी राहून केलेलं काम समुद्राच्या तळाशी गेलेलं. आणि गुरूला लिहिताना एक तक्रारीचा शब्द नाही. गेलं, पुन्हा लिहिलं, एवढंच.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. फोर्टमधला राजाबाई टॉवर सगळ्यांनी बाहेरून पाहिलाय. १८७८ साली तो पुरा झाला. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने पैसा दिला आणि आईचं नाव लावलं. या टॉवरखाली मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय आहे हे मात्र लोकलमधून चर्चगेटला उतरून कचेरीकडे पळणाऱ्या आपल्या मंडळींच्या ध्यानात येत नाही. बाबासाहेब याच विद्यापीठाचे पदवीधर. आणि याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे ‘खैरमोडे संग्रह’ आहे. बाबासाहेबांवर अभ्यास करणाऱ्या देशी-परदेशी संशोधकांच्या पुस्तकांमागच्या टीपा वाचाव्यात, तिथं हे नाव हमखास सापडतं.

चांगदेव भवानराव खैरमोडे हे सातारा जिल्ह्यातल्या पाचवडचे. जन्म १९०४ चा. विद्यार्थी असल्यापासून ते बाबासाहेबांच्या सहवासात आले. ते कवीही होते. ‘अमृतनाक’ हे त्यांचं काव्य. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी एक छंद म्हणा, ध्यास म्हणा, लावून घेतला : बाबासाहेबांसंबंधीचा कागद दिसला की तो फेकू द्यायचा नाही. पत्र, पत्रक, वर्तमानपत्राचं कात्रण, सभेची जाहिरात, सगळं जमवायचं. ज्यांना बाबासाहेबांची पत्रं आली त्यांना गाठायचं, पत्र मागायचं, निदान नक्कल करून घ्यायची. त्या काळी झेरॉक्स नव्हतं. नक्कल म्हणजे शाईने हाताने उतरून काढणं.

या जमवाजमवीतून चरित्र उभं राहिलं. पहिला खंड १९५२ साली निघाला, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीत. एकंदर खंड बारा. बारा खंडांचं मराठी चरित्र किती जणांचं आहे हे साहित्याच्या जाणकारांनी सांगावं! काही समीक्षक म्हणतात की खैरमोडे फार तपशील देतात, पत्रंच्या पत्रं जशीच्या तशी छापतात, त्यामुळे चरित्र पाल्हाळिक होतं. प्रस्तुत लेखकाला हा दोष वाटत नाही, उलट तीच त्यांची कमाई वाटते. न्यूयॉर्कला नुकत्याच पोचलेल्या तरुण भीमरावाने वडिलांच्या एका स्नेह्याला लिहून मुलांबरोबर मुलींच्याही शिक्षणाचा आग्रह धरला, ते पत्र १९१३ सालचं. असली पत्रं चरित्रकारांनी पूर्ण उतरवून घेतली नसती, नुसता सारांश दिला असता, तर बावीस वर्षांच्या त्या मुलाचा आवाज आपल्याला ऐकूच आला नसता.

खैरमोडे १८ नोव्हेंबर १९७१ रोजी वारले. तोवर सगळे खंड छापून झाले नव्हते. हस्तलिखितांचे गठ्ठे घरात. पुढचं काम त्यांच्या पत्नी द्वारकाबाई खैरमोडे यांनी अंगावर घेतलं. नवऱ्याचं लेखन छापून यावं म्हणून सरकारदरबारी, प्रकाशकांकडे खेपा घातल्या, आणि उरलेले खंड उजेडात आणले. घरातला पुरुष गेला की त्याचे ‘कागद’ महिन्याभरात रद्दीत जातात, हा आपल्याकडचा रिवाज. द्वारकाबाईंनी तो मोडला. आपल्या भगिनींनी हे नाव लक्षात ठेवावं, कारण पुस्तकाच्या पाठीवर ते छापलेलं नसतं.

त्याच वर्षी, सव्वा महिन्याच्या अंतराने, २९ डिसेंबर १९७१ रोजी कर्मवीर दादासाहेब गायकवाडही गेले. पत्रांच्या बाबतीत दादासाहेबांचं ऋण वेगळं आहे. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रं त्यांनी वर्षानुवर्षे जपून ठेवली. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, धरपकड, मारहाण, बहिष्कार सगळं झालं. बाबासाहेब लंडनला गोलमेज परिषदेत, दादासाहेब नाशकात. दोघांमधला दुवा टपालाचा. या पत्रांचा संग्रह साहित्यिक शंकरराव खरात यांनी १९६१ साली पुस्तकरूपाने आणला. हेच खरात पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

या पत्रांतलं ३ मार्च १९३४ चं पत्र फार मोलाचं. सत्याग्रह पुन्हा करावा का, असा प्रश्न होता. बाबासाहेबांनी स्पष्ट कळवलं की करू नये. मंदिरप्रवेशाची चळवळ आपले लोक मूर्तिपूजक व्हावेत म्हणून मी सुरू केली नव्हती, दलितांत चेतना यावी म्हणून तो उत्तम मार्ग वाटला होता. ते काम झालं, आता सगळी शक्ती राजकारणाकडे आणि शिक्षणाकडे लावावी, असा त्याचा आशय. येवल्याची घोषणा त्यानंतर दीड वर्षाने, १३ ऑक्टोबर १९३५ ला झाली. ती घोषणा एकाएकी रागाच्या भरात झाली असं म्हणणारे लोक अजूनही भेटतात. त्यांच्यापुढे हे पत्र ठेवावं.

एक गोष्ट मात्र खटकते. खरातांच्या पुस्तकात आवाज मुख्यतः एका बाजूचा आहे. बाबासाहेब काय म्हणाले ते आहे. नाशिकच्या कार्यकर्त्यांनी काय विचारलं होतं, पैसे किती कमी पडत होते, जेलमधून सुटलेल्यांच्या घरी चूल कशी पेटत होती, हे उत्तरावरून ताडावं लागतं. ड्यू बॉइस यांच्यासारखी कार्बन प्रत ठेवायला आपल्या कार्यकर्त्याकडे टाईपरायटर नव्हता, कचेरी नव्हती, पोस्टकार्डाला सुद्धा पैसे जपून खर्चावे लागत. इतिहासात मोठ्या माणसाचं टोक टिकतं आणि लहान माणसाचं तुटतं ते असं.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या कागदांचीही परवड झाली. महापरिनिर्वाणानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखितं दिल्लीच्या हायकोर्टाच्या ताब्यात गेली, तिथून महाराष्ट्राच्या ॲडमिनिस्ट्रेटर जनरलकडे आली. पेट्यांत बंद. कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केला तेव्हा कुठे त्या शासनाच्या प्रकाशन समितीपुढे उघडल्या. वसंत मून यांनी संपादित केलेली शासनाची इंग्रजी ग्रंथमाला १४ एप्रिल १९७९ ला सुरू झाली होती. या पेट्यांतल्या मजकुरामुळे ती भरली. पुढे याच मालेच्या २१ व्या खंडात छायाचित्रांच्या जोडीला पत्रव्यवहारही आला. मून साहेब २००२ साली गेले. पेट्यांतला एकेक कागद लावून, कुठल्या पानाला कुठलं पान जोडायचं हे ठरवून, त्यांनी जे काम केलं त्याला हमाली म्हणावी की विद्वत्ता? दोन्ही.

विद्यापीठाचं नाव निघालं की आपल्याला नामांतर आठवतं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने ठराव केला आणि १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. मधली साडेपंधरा वर्षं आपल्या लोकांनी काय सोसलं ते सांगायला नको. ती लढाई फाटकावरच्या नावासाठी होती आणि ती लढणं भागच होतं. पण फाटकाच्या आत कपाटं असतात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात वि. स. खांडेकरांचं स्मृती संग्रहालय आहे, ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकाच्या वस्तू आणि हस्तलिखितं तिथं मांडलेली आहेत. चांगली गोष्ट आहे. आपल्या शाहिरांच्या वह्या, जलशांच्या संहिता, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या आणि समता सैनिक दलाच्या कार्यकर्त्यांची पत्रं विद्यापीठाच्या कपाटात किती आहेत, हे विचारायची पाळी आता आपली.

आणि विचारायच्या आधी घरात बघायला हवं. आपल्या या शिवमंदिर परिसरात, अंबरनाथ-उल्हासनगर-बदलापूर पट्ट्यात, लोक आले ते कारखान्यांच्या मागे. विमकोची आगपेटी, ऑर्डनन्स फॅक्टरी, रंगाचे नि रसायनांचे कारखाने. कुणी सातारचे, कुणी नगर-नाशिकचे, कुणी कोकणातले, विदर्भ-मराठवाड्यातले. गावाकडून येताना पत्र्याची ट्रंक आली आणि ट्रंकेत कागद आले : गावच्या कार्यकर्त्याचं पोस्टकार्ड, १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेला गेलेल्याने घरी धाडलेलं पत्र, भूमिहीनांच्या सत्याग्रहातल्या तुरुंगातून आलेला मजकूर, वर्गणीची पावती. देवळाच्या दारावरचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. राजाने दगडावर कोरला म्हणून साडेनऊशे वर्षं टिकला. आपल्या आजोबांनी पेन्सिलीने पोस्टकार्डावर लिहिलं. त्याला वाळवी लागते, कसर लागते, आणि २६ जुलै २००५ सारखा पाऊस आला तर वालधुनी आणि उल्हास नदीचं पाणी घरात शिरून एका रात्रीत त्याचा लगदा होतो. त्या दिवशी या पट्ट्यात अन्नधान्य, कपडे, शाळेचे दाखले गेले. त्यांची भरपाई नाही तर दुय्यम प्रत तरी मिळाली. पत्राला दुय्यम प्रत नसते.

ज्यांच्याकडे अजून काही शिल्लक आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो, त्या ग्रंथालयातली जाणती माणसं नेहमी सांगतात. फाटलेल्या पत्राला सेलोटेप लावू नये; काही वर्षांनी टेप निघते आणि डिंकाचा तपकिरी डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर मुळीच करू नये, त्यात कागद प्लॅस्टिकमध्ये कायमचा अडकतो, तो परत सुटत नाही. टाचणी, स्टेपलची पिन काढून टाकावी, गंज कागद खातो. घडी उलगडून पत्र सपाट ठेवावं, स्वच्छ पांढऱ्या कागदाच्या पाकिटात. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, त्याचा पिवळेपणा पत्राला लागतो. जमिनीवर नको, ओल आलेल्या भिंतीला टेकून नको, आणि माळ्यावर पत्र्याखाली उन्हाची भट्टी होते तिथंही नको. मोबाईलने दोन्ही बाजूंचा फोटो आजच काढावा. पण फोटो काढला म्हणून मूळ कागद टाकू नये. शाई, कागद, खाडाखोड यांतून अभ्यासकाला जे कळतं ते फोटोतून पुरतं कळत नाही.

घरात ठेवायचं की संस्थेला द्यायचं, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. बापाचं पत्र हातातून सोडवत नाही, हे समजण्यासारखं आहे. द्यायचंच ठरलं तर तोंडी देऊ नये. विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडून कागदांची यादी करून, सही-शिक्क्याची पोच घ्यावी, कुणाच्या घरातून आलं ते संग्रहाच्या नावात राहावं असं लिहून घ्यावं, आणि आपल्याला हवं तेव्हा पाहायला मिळेल का ते आधी विचारावं. कुणी ‘अभ्यासाला’ म्हणून मूळ पत्र घरी नेऊ मागितलं तर नम्रपणे नाही म्हणावं; नक्कल द्यावी. कायद्याची एक बाबही माहीत असावी : पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण त्यातला मजकूर छापण्याचा हक्क लिहिणाराचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. कागद दिला म्हणजे छापण्याची परवानगी दिली असं होत नाही, ती वेगळी लिहावी लागते.

ज्येष्ठांकडून एक काम मात्र आताच करून घेतलं पाहिजे. पत्रात नुसतं ‘रामभाऊ येऊन गेला’ असं असतं. हा रामभाऊ कोण, कुठल्या गावचा, कुणाचा मेव्हणा, हे घरातल्या आजीला माहीत असतं. विद्यापीठातल्या कुठल्याच प्राध्यापकाला माहीत नसतं. तेव्हा आजीच्या शेजारी बसून, वेगळ्या कागदावर, तिच्याच शब्दांत ती ओळख लिहून पत्राबरोबर ठेवावी. पत्राच्या अंगावर पेनाने काही लिहू नये. आणि पाकीट फेकू नये. पुष्कळ पत्रांवर तारीख नसते, ती पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यात सापडते.